जेफ बेकचा 'ट्रुथ' कसा ऐकावा आणि त्यातून गिटार कशी शिकावी

'ट्रुथ' पहिल्यांदा लावला तेव्हा मी सोलोची, म्हणजे गिटार एकटी पुढे येऊन वाजते त्या तुकड्यांची, वाट बघत बसलो होतो. जेफ बेक म्हणजे गिटारचा जादूगार, तेव्हा तो कधी सुटतो, किती वेगात सुटतो एवढंच ऐकायचं, असं डोक्यात होतं. तीन-चारदा ऐकूनही अल्बम हाताला लागला नाही. मग एका संध्याकाळी मामा घरी आले होते. ते भजनी मंडळात पेटी वाजवतात. खोलीत 'ब्लूज डिलक्स' चालू होतं. ते दाराशीच थांबले, दोन-तीन कडवी ऐकली आणि म्हणाले, "हा वाजवणारा शहाणा आहे रे. गाणाऱ्याच्या तोंडात स्वर घालत नाही. तो श्वास घेतो तेवढ्यात हा आपलं म्हणून घेतो."

त्या एका वाक्याने मला हा अल्बम उघडून मिळाला. 'ट्रुथ' हा संगतीचा अल्बम आहे. बेकचं सगळं कौशल्य इथे गायक रॉड स्टुअर्टच्या आवाजाला उत्तर देण्यात खर्च झालंय. पुढची सगळी रीत या एका गोष्टीभोवती बांधलेली आहे. ज्यांना नुसतं ऐकायचंय त्यांच्यासाठी ती पुरेशी आहे. ज्यांच्या हातात गिटार आहे त्यांच्यासाठी शेवटी रियाजाचा भाग आहे. रोज अर्धा-पाऊण तास धरला तर ऐकण्याचा भाग आठ-दहा दिवसांत होतो.

आधी थोडी ओळख करून घ्या

जेफ बेक १९६५ च्या मार्चमध्ये गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या जागी यार्डबर्ड्स या ब्रिटिश बँडमध्ये आला आणि १९६६ संपता संपता बाहेर पडला. मग त्याने स्वतःचा बँड जमवला. गायला रॉड स्टुअर्ट, बेसवर रॉनी वुड (हा मुळात गिटारवादक, पुढे रोलिंग स्टोन्समध्ये गेला), ड्रम्सवर मिकी वॉलर. पियानोवर पाहुणा म्हणून निकी हॉपकिन्स. 'ट्रुथ'चं बहुतेक रेकॉर्डिंग मे १९६८ मध्ये लंडनला झालं. तेव्हा बेकला चोविसावं वर्षही पुरं झालं नव्हतं आणि स्टुअर्ट तेवीस वर्षांचा होता. अमेरिकेत अल्बम जुलैच्या शेवटी आला आणि तिथल्या यादीत १५व्या क्रमांकापर्यंत चढला, ब्रिटनमध्ये ऑक्टोबरात आला. पुढच्याच जानेवारीत लेड झेपेलिन या बँडचा पहिला अल्बम निघाला. त्यातही 'यू शूक मी' हे गाणं आहे, आणि त्या बँडचा जॉन पॉल जोन्स दोन्हीकडे वाजवतो. जड आवाजाच्या ज्या रॉकला पुढे जगभर मागणी आली, त्याचा पाया घालणाऱ्या मोजक्या अल्बम्समध्ये 'ट्रुथ' येतो.

ऐकण्याची तयारी

मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. त्यावर रॉनी वुडचा बेस जवळजवळ नाहीसा होतो, आणि बेस गेला की बेकची गिटार हवेत लटकल्यासारखी वाटते. साधे, वायरचे, शंभर-दोनशे रुपयांचे इअरफोनही चालतील, फक्त दोन्ही कानांत हवेत.

मूळ अल्बम दहा गाण्यांचा, सुमारे ४० मिनिटांचा. नंतरच्या आवृत्त्यांमध्ये मागे जादा ट्रॅक जोडलेले आहेत. ते वाईट नाहीत, पण पहिल्या आठवड्यात 'आय एंट सुपरस्टिशस' संपलं की थांबा. एलपीची पहिली बाजू 'ओल मॅन रिव्हर'वर संपायची आणि 'ग्रीनस्लीव्हज'ने दुसरी सुरू व्हायची. तिथे आपणही मध्ये उठून पाणी पिऊन यावं. त्या दोन गाण्यांमधलं अंतर कानाला लागतं.

पहिली पायरी: बारा बार मोजायला शिका

यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण 'ट्रुथ' ब्लूजवर, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कलावंतांच्या गाण्यावर, उभा आहे आणि हे जमलं नाही तर ब्लूजची सगळी गाणी एकसारखी वाटत राहतात.

ब्लूजचं एक आवर्तन बारा बारांचं. एका बारात चार मात्रा, म्हणजे एकूण ४८. संथ ब्लूजमध्ये प्रत्येक मात्रेचे आणखी तीन तुकडे पडतात, त्यामुळे ठेका डुलत चालल्यासारखा वाटतो. पण मोजताना फक्त मोठी मात्रा धरा. आपल्याकडच्या आवर्तनात आणि यात एक फरक आहे. इथे आवर्तनासोबत आधारस्वरही जागा बदलतो. पहिले चार बार सा वर. पुढचे दोन म वर. परत दोन सा वर. मग एक बार प, एक बार म, आणि शेवटचे दोन सा वर येतात. त्या शेवटच्या बारात प कडे एक झुकाव देऊन सगळे पुन्हा समेवर येतात. काही गाण्यांत दुसऱ्याच बारात म डोकावून जातो. त्याने गोंधळू नका, पाचव्या बारातला म हा खरा मुक्काम.

आता 'ब्लूज डिलक्स' लावा. साडेसात मिनिटांचं गाणं आहे, चाल संथ आहे, मोजायला भरपूर वेळ मिळतो. बोटांच्या पेरांवर बार मोजा: एका बोटाची तीन पेरं, चार बोटांत बारा. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवून सुरुवात करा. अंगठा अनामिकेच्या मधल्या पेरावर पोचला की आवाजाखालची जमीन हलल्यासारखी वाटेल. तो म. एवढं एकदा स्वतःच्या कानांनी पकडलं की पुढे मोजायची गरज राहत नाही, शरीरच सांगतं.

शब्दांचा साचाही याच आवर्तनात बसतो. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग तिला उत्तर देणारी तिसरी. प्रत्येक ओळीला चार बार मिळतात. गाणारा त्यातले साधारण दोन-अडीच बार वापरतो, उरलेली जागा वाद्याची. बेक राहतो तो या उरलेल्या जागेत.

दुसरी पायरी: स्वर ओळखा

ब्लूजच्या गिटारमध्ये मुख्य स्वर पाच: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. धानी राग ऐकला असेल तर हे स्वर ओळखीचे वाटतील. त्यात म आणि प च्या मध्ये तीव्र म जाता जाता लागतो.

पण धानी म्हणून ऐकायला बसलात तर फसाल. ब्लूजमध्ये खाली साथीला जो कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार स्वर) वाजत असतो त्यात शुद्ध ग असतो, आणि वर गिटार कोमल ग लावते. दोन्ही गंधार एकाच वेळी. आपल्या कानाला हे सुरुवातीला चुकीचं वाटतं. वादक मग तार ओढून कोमल ग ला शुद्ध ग कडे थोडासा ढकलतो, तिथे पोचू मात्र देत नाही. दोन गंधारांच्या मधली ती अधांतरी जागा म्हणजे ब्लूजचा जीव. तार बोटाने वर ढकलून स्वर चढवण्याला गिटारवाले बेंड म्हणतात. मींड ऐकायची सवय असलेल्या माणसाला बेंड कळायला पाच मिनिटंही लागत नाहीत, ही आपली मोठीच सोय आहे.

जाता जाता, बेकचा कान भारतीय वाद्यांकडे आधीपासून होता. यार्डबर्ड्सने १९६५ मध्ये 'हार्ट फुल ऑफ सोल' रेकॉर्ड केलं तेव्हा आधी सतार वापरून पाहिली होती. ते जमलं नाही. शेवटी सतारीची ती ओळ बेकने आवाज फाटवणारं फझ पेडल लावून गिटारवर वाजवली, आणि तीच रेकॉर्डवर राहिली.

तिसरी पायरी: मुळं ऐका

'ट्रुथ'च्या आधी त्यातल्या गाण्यांची जुनी रूपं ऐकणं मला अत्यावश्यक वाटतं. हे काम एका बैठकीत होतं.

ब्लूज गायक मडी वॉटर्सचं 'यू शूक मी', १९६२. विली डिक्सन आणि जे. बी. लेनॉर यांची रचना. अर्ल हूकरने स्लाइड गिटारवर (तारांवर नळी सरकवून) वाजवलेली एक धून आधीच तयार होती, तिच्यावर मडी वॉटर्सचा आवाज नंतर चढवला. त्यामुळे गळा आणि गिटार एकमेकांना घट्ट चिकटून चालतात. मग 'ट्रुथ'मधलं ऐका. जेमतेम अडीच मिनिटं. चाल तीच, पण गिटार गुरगुरते, खेकसते. अल्बमच्या कव्हरवर बेकने प्रत्येक गाण्याबद्दल टिपणं लिहिली आहेत. या गाण्याच्या शेवटच्या स्वराबद्दल तो म्हणतो की तिथे माझ्या गिटारला उलटी होतेय. तो स्वर मुद्दाम थांबून ऐका. तार सैल पडत खाली खाली जाते आणि आवाज अक्षरशः पोटातून आल्यासारखा येतो.

'लेट मी लव्ह यू'च्या मागे ब्लूज गिटारवादक आणि गायक बडी गायचं 'लेट मी लव्ह यू बेबी' आहे, तेही विली डिक्सनचं. मुंबईकरांना बडी गाय प्रत्यक्ष ऐकायला मिळाला आहे, २०११ मध्ये वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत झालेल्या महिंद्रा ब्लूज फेस्टिव्हलमध्ये. 'रॉक माय प्लिमसोल'च्या मागे तसाच दुसरा मोठा कलावंत बी. बी. किंगचं 'रॉक मी बेबी'. 'ब्लूज डिलक्स'च्या मागे त्याचंच 'गॅम्बलर्स ब्लूज'.

इथे एक गोष्ट मला खटकते आणि ती सांगायलाच हवी. या तिन्ही गाण्यांवर अल्बममध्ये रचनाकार म्हणून 'जेफ्री रॉड' असं नाव छापलं गेलं. म्हणजे बेक आणि स्टुअर्ट. ज्या काळ्या कलावंतांकडून हे सगळं आलं त्यांची नावं तिथे नाहीत. त्या काळी ब्रिटिश बँड्समध्ये हे सर्रास चालायचं, पण म्हणून ते योग्य ठरत नाही. मूळ गाणी आधी ऐकून घेतली की निदान आपल्या कानात तरी हिशोब नीट राहतो.

आणि यार्डबर्ड्सचं १९६६ चं 'शेप्स ऑफ थिंग्ज' ऐकाच, कारण 'ट्रुथ' त्याच गाण्याने सुरू होतो. तोच गिटारवादक, तेच गाणं, मध्ये दोनच वर्षं. पहिल्या रूपात गाणं लगबगीने चालतं. दुसऱ्यात ते मंद झालंय, जड झालंय, ड्रम्स आणि बेस पाय रोवून उभे आहेत. हे दोन ट्रॅक लागोपाठ लावले की ब्लूज-रॉक म्हणजे काय बदललं, हे कुठल्याही व्याख्येपेक्षा लवकर कळतं.

चौथी पायरी: गळा धरून गिटार ऐका

आता सगळा अल्बम लावा, पण लक्ष फक्त रॉड स्टुअर्टवर ठेवा. ओळ संपते कुठे, श्वास घेतो कुठे, एवढंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावा आणि त्या मोकळ्या जागांमध्ये काय घडतं ते ऐका.

'लेट मी लव्ह यू' यासाठी सर्वांत सोपं. स्टुअर्ट एक तुकडा म्हणतो, गिटार त्याचीच नक्कल करते, पण जरा तिरकी. लावणीतल्या सवाल-जवाबाची मजा ज्यांना माहीत आहे त्यांना यात वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. 'ब्लूज डिलक्स'मध्ये निकी हॉपकिन्सचा पियानो तिसरा भिडू म्हणून येतो. त्याचा सोलो ऐकताना बेक मागे किती कमी वाजवतो याकडे बघा. (त्या गाण्यातल्या टाळ्या खऱ्या नाहीत. गाणं स्टुडिओतलं आहे, श्रोत्यांचा आवाज नंतर चिकटवला. मला तो आवडत नाही, पण वाजवणं इतकं चांगलं आहे की दहा सेकंदांत विसरायला होतं.)

'मॉर्निंग ड्यू' हे गायिका बॉनी डॉब्सनचं, अणुयुद्धानंतरच्या सकाळचं गाणं. इथे सुरुवातीला बॅगपाइप्स आहेत. 'ओल मॅन रिव्हर' १९२७ च्या 'शो बोट' या संगीतनाटकातलं. त्यावर द हू या बँडचा कीथ मून टिंपनी (नगाऱ्यासारखे मोठे ड्रम्स) वाजवतो आणि कव्हरवर त्याचं नाव न देता 'तुम्हाला ठाऊक आहे तो' अशा अर्थाचा उल्लेख आहे. ही दोन गाणी मला स्टुअर्टच्या गळ्यासाठी आवडतात. गिटार शिकणाऱ्याने त्यांच्यावर फार रेंगाळू नये. 'ग्रीनस्लीव्हज' ही दोन मिनिटांचीही नसलेली, साध्या अकूस्टिक गिटारवर एकट्याने वाजवलेली जुनी इंग्रजी धून. ती कानाला विश्रांती आहे, तशीच घ्यावी.

पाचवी पायरी: 'बेक्स बोलेरो' एकटं ऐका

हा ट्रॅक अल्बमच्या दोन वर्षं आधीचा, मे १९६६ चा. त्या दिवशी स्टुडिओत बेकसोबत पुढे लेड झेपेलिनचा गिटारवादक झालेला जिमी पेज बारा तारांच्या गिटारवर, जॉन पॉल जोन्स बेसवर, निकी हॉपकिन्स पियानोवर आणि कीथ मून ड्रम्सवर होता. आधार फ्रेंच संगीतकार रावेलच्या १९२८ च्या 'बोलेरो'चा, म्हणजे एकच ठेका न बदलता चालत राहतो आणि वर रंग चढत जातात.

तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त पेजची बारा तारांची गिटार, टा-टकटक-टा असा सैन्याच्या संचलनासारखा ठेका. दुसऱ्यांदा बेकचा मुख्य आवाज. तो स्वर धरतो आणि सोडतच नाही, सनईवर लांबवलेल्या स्वरासारखा. तिसऱ्यांदा मधल्या भागाची वाट बघा. साधारण दीड मिनिटावर मून जोरात ओरडतो आणि गाणं एकदम दुसऱ्याच वेगाने धावायला लागतं. ओरडताना त्याच्या काठीचा फटका माइकला बसला, अशी हकीकत सांगतात. त्यानंतर ड्रम्समधल्या झांजाच तेवढ्या जास्त ऐकू येतात. एकदा हे माहीत झालं की प्रत्येक वेळी त्या क्षणाला अंगावर काटा येतो.

गिटार हातात असेल तर

बेकच्या हातात या काळात बहुतेक वेळा गिब्सन लेस पॉल होती, आणि तो तेव्हा पिकने वाजवायचा. पिक टाकून नुसत्या बोटांनी वाजवणं त्याने फार पुढे सुरू केलं. तुमच्याकडे कुठलीही इलेक्ट्रिक गिटार आणि थोडं डिस्टॉर्शन देणारा, म्हणजे आवाज फाटवणारा, छोटा अँप असला तरी भागेल. अकूस्टिकवर जाड तारा असतील तर पुढचे बेंड जमणार नाहीत आणि बोटं दुखतील, तेव्हा तारा पातळ लावून घ्या. इलेक्ट्रिकवर ०.००९ इंचाचा सेट सुरुवातीला ठीक.

ए मध्ये सुरू करा. कॉर्ड तीन: ए सेव्हन हा सा, डी सेव्हन हा म, ई सेव्हन हा प. मिनिटाला ६० मात्रांवर मेट्रोनोम लावून वर सांगितलेलं बारा बारांचं आवर्तन नुसतं कॉर्डवर वाजवा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करा, दहा-बारा आवर्तनं. हीच तुमची साथ.

आता पाचव्या फ्रेटवर या. सहाव्या तारेवर ५ आणि ८. पाचव्या, चौथ्या आणि तिसऱ्या तारेवर ५ आणि ७. दुसऱ्या आणि पहिल्या तारेवर ५ आणि ८. हे पाच स्वरांचं घर. तिसऱ्या तारेवर आठव्या फ्रेटला तीव्र म सापडेल.

या घरात तीनच बेंड घोटा. तिसरी तार, सातवा फ्रेट: हा म, ओढून थेट प वर न्या. दुसरी तार, आठवा फ्रेट: कोमल नी, ओढून सा वर. पहिली तार, आठवा फ्रेट: कोमल ग, याला फक्त किंचित चढवा, त्या अधांतरी जागेपर्यंत. पहिले दोन बेंड बेसूर होणं ही सगळ्यांची चूक असते, बहुधा स्वर खालीच राहतो. म्हणून आधी पाचव्या फ्रेटवर पहिल्या तारेचा सा वाजवून घ्या, तो कानात ठेवा, मग दुसऱ्या तारेचा कोमल नी ओढत त्याला जुळवा. एका बोटाने ओढू नका. तिसऱ्या बोटामागे पहिली दोन टेकवा आणि जोर मनगटातून येऊ द्या.

यानंतर खरा रियाज. साथ लावा आणि तोंडाने एक ओळ म्हणा, शब्द काहीही चालतील, दोन बारांत संपली पाहिजे. पुढचे दोन बार गिटारने उत्तर द्या. उत्तरात पाचपेक्षा जास्त स्वर नकोत. गाताना हात तारेवर झाकून ठेवा, गिटार पूर्ण बंद. हे दिसतं सोपं, पण पहिल्या आठवड्यात हात आपोआप गाण्यावर चढतो. चढला की आवर्तन थांबवून पुन्हा समेपासून सुरू करा. महिनाभर याशिवाय दुसरं काही केलं नाही तरी चालेल.

शेवटचं गाणं

'आय एंट सुपरस्टिशस' मी सगळ्यात शेवटी ठेवतो. विली डिक्सनचं गाणं, १९६१ मध्ये हाउलिन वुल्फने गायलेलं, त्यावर ह्युबर्ट समलिनची गिटार. ते आधी ऐका. शब्द मराठी माणसाला घरचे वाटतील: मी काही अंधश्रद्धाळू नाही, पण काळं मांजर आडवं गेलंय. उजवा हात खाजला की पैसे येणार. डावा डोळा लवला की कुणीतरी जाणार. गल्लीभर कुत्री रडताहेत.

बेकच्या रूपात या प्रत्येक ओळीनंतर बँड क्षणभर थांबतो आणि गिटार बोलते. पायाखाली वा पेडल आहे. पुढे दाबलं की आवाज उघडतो, मागे घेतलं की मिटतो, तोंड उघडून 'वा' म्हणावं तसा. बेक ते ठेक्यावर एकसारखं हलवत नाही. एका जागी मांजर गुरकावतं, दुसरीकडे कुणी तक्रार करतं, तिसरीकडे नुसतीच कुजबूज.

वा पेडल असेल तर याचा सराव असा करा: एकच स्वर धरा आणि पेडलने त्याच्याकडून 'आई', 'नाही', 'कुठे' असे शब्द म्हणवून घ्या. पेडल नसेल तर गिटारवरचा टोनचा गोल खुंटा करंगळीने फिरवूनही थोडंफार होतं. मग गाणं लावा, बँड थांबला की तुमचं उत्तर वाजवा, आणि बँड परत सुरू व्हायच्या आत तार बंद करा.